श्रीलंकेत आपण आधी सैन्य पाठवलं, मग घरं बांधून दिली. यातलं टिकलं काय?

भगूरकर

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. मागच्या फेब्रुवारीत ठिबकच्या कामासाठी आठ दिवस श्रीलंकेच्या उत्तरेला जाफन्याला जाऊन आलो. माझे वडील तोफखान्यात होते, भरती होऊन ट्रेनिंग नाशिकरोडलाच, आणि १९८८-८९ मध्ये ते शांतिसेनेत श्रीलंकेला होते. घरी या विषयावर कधी बोलणं नाही. पंजाबच्या पोस्टिंगचे किस्से रंगवून सांगतील, सिक्कीमची थंडी सांगतील, लंकेचं नाव निघालं की उठून अंगणात जातात. मी निघालो तेव्हा एवढंच विचारलं, "पलालीचा रस्ता आता कसा आहे बघ."

रस्ता एकदम गुळगुळीत आहे. त्याच्या टोकाला आता विमानतळ आहे, चेन्नईहून विमान उतरतं तिथे.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. किलिनोच्चीजवळ एका बाईंच्या वाडीत पाण्याची लाईन बघायला गेलो होतो. दोन खोल्या, पुढे छोटा व्हरांडा, दाराशेजारी भिंतीत पाटी की हे घर भारत सरकारच्या मदतीने बांधलंय. मी भारतातून आलोय कळल्यावर बाईंनी मला भिंतीपाशी नेलं आणि हात लावून लावून दाखवलं, जोत्यापर्यंत पहिला हप्ता, खिडकीच्या खालपर्यंत दुसरा, मग छप्पर. खिडकीच्या वर ब्लॉकचा रंग बदलला होता. मधे पैसे संपले तेव्हा जुन्या पडक्या घराचे ब्लॉक काढून लावले म्हणाल्या. अंगणात एक शेंडा उडालेला ताड उभा होता, नुसता खांब, तो त्यांनी कुणालाच पाडू दिलेला नाही. चहा दिला, शेवग्याच्या शेंगा बांधून दिल्या. तेवढ्यात शेजारचे एक आजोबा आले, ड्रायव्हरने मी कोण ते सांगितलं तर ते "इंडियन आर्मी" एवढे दोनच शब्द बोलले आणि उठून गेले. अगदी आमचे वडील उठतात तसे.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. भांडण त्यांच्या घरातलं, आपण बाहेरचे. आधी बंदूक घेऊन गेलो, पंचवीस वर्षांनी सिमेंट घेऊन गेलो. बाहेरच्याने जाऊन खरंच काही सावरतं का? ज्यांना माहिती आहे, अनुभव आहे, त्यांनी मोकळेपणाने लिहा.

सातपूरकर

वाचतोय. त्या ताडाचा फोटो असेल तर टाका.

उगाच_विचारतो

माझा जन्म ९९ चा, मला प्रभाकरन आणि राजीव गांधी एवढंच माहिती आहे. मुळात आपण तिकडे गेलोच का? कोणीतरी सुरुवातीपासून सांगा ना प्लीज.

जुनी_वही

@उगाच_विचारतो, सांगते, पण लांबेल हं.

१९५६ ला तिकडे "फक्त सिंहला" हा भाषेचा कायदा आला. म्हणजे सरकारी कामकाजाची भाषा सिंहला. उत्तरेतले आणि पूर्वेतले तमिळ एका रात्रीत स्वतःच्या देशात अडाणी ठरले, कारकुनाच्या नोकरीसाठीसुद्धा. मग सत्तरच्या दशकात युनिव्हर्सिटी प्रवेशाचे नियम असे बदलले की तमिळ मुलांना जास्त मार्क लागायला लागले. १९८१ ला जाफन्याची लायब्ररी जाळली, सुमारे ९७ हजार पुस्तकं, त्यात ताडपत्रावरच्या पोथ्या. आपली सार्वजनिक वाचनालयाची इमारत कोणी पेटवली आणि पोलीस बघत उभे राहिले तर नाशिककरांना काय वाटेल याचा विचार करा, तेवढं पुरे. जुलै १९८३ ला जाफन्यात १३ सैनिक मारले गेले आणि त्यानंतर कोलंबोत तमिळांची घरं, दुकानं याद्या घेऊन जाळली. लाखभर लोक तामिळनाडूत पळून आले. दरम्यान आपल्याच देशाने तमिळ गटांना ट्रेनिंग आणि शस्त्रं दिली, हे विसरून चालणार नाही. आगीत तेल आपणही ओतलं होतं.

१९८७ ला लंकेच्या सैन्याने जाफन्याची कोंडी केली. आपण आधी बोटींमधून धान्य पाठवलं, त्यांच्या नौदलाने परत पाठवलं, दुसऱ्या दिवशी ४ जूनला एएन-३२ विमानांनी वरून पोती टाकली, बरोबर मिराज लढाऊ विमानं होती. मग २९ जुलैला राजीव गांधी आणि लंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला, आणि त्याप्रमाणे आपली शांतिसेना तिकडे गेली. दुसऱ्या दिवशी कोलंबोत मानवंदना घेताना एका खलाशाने राजीवजींना रायफलच्या दस्त्याने मारलं, तो फोटो बघितला असशील.

आता खरी गोम. भांडण लंका सरकार आणि तमिळांचं, आणि सही लंका सरकार आणि भारताची. लिट्टेची, म्हणजे प्रभाकरनच्या सशस्त्र तमिळ संघटनेची, सही त्यावर नव्हतीच. प्रभाकरनला दिल्लीत आणून बसवलं, गळी उतरवलं. ज्याच्या हातातली बंदूक काढून घ्यायची त्याची सही नाही आणि आपण हमी दिली. पुढचं सगळं यातूनच झालं असं माझं मत.

उगाच_विचारतो

थँक्यू ताई. शाळेत हे का नाही शिकवलं.

कांदेवाला_लासलगाव

जुनी वही ताईंनी चांगलं सांगितलं. मी रोकठोक लिहितो, राग मानू नका. आपली सुमारे १२०० पोरं तिथं गेली, मिळालं काय? त्यावर परत ५० हजार घरं बांधून दिली. इथं निफाड, येवला, चांदवडला शेतकरी कर्जात बुडू राहिला, कांदा मातीमोल विकू राहिला आणि आपण दुसऱ्याच्या देशात घरं बांधू राहिलो. आमच्या गावात घरकुलाचा शेवटचा हप्ता दोन वर्षं लटकला होता एका म्हातारीचा, छपराविना दोन पावसाळे काढले तिनं. आधी आपलं घर बघा.

भगूरकर

दादा, राग कशाला. घरकुलाचं तुम्ही म्हणालात ते अगदी बरोबर, मला त्या बाईंची भिंत बघून आपलं घरकुलच आठवलं. तिथेही हप्ते थेट खात्यात, लंकेचे साडेपाच लाख रुपये एका घराला, आणि बांधायचं ज्याचं त्याने. ५० हजारांतली ४६ हजार घरं उत्तर आणि पूर्वेला, बाकीची सुरुवातीला ४ हजार चहाच्या मळ्यांतल्या लोकांसाठी, नंतर तिकडची वाढवली. काम जोरात सुरू झालं २०१२ पासून.

मनमाड_लोकल

मी रेल्वेच्या कामावर होतो तिकडे, ठेकेदाराकडे सर्व्हेला, म्हणून थोडं लिहितो.

इरकॉनने, म्हणजे आपल्या सरकारी रेल्वे बांधणाऱ्या कंपनीने, ओमंताई ते पल्लै, पुढे जाफना आणि कांकेसंतुरै, शिवाय तलैमन्नारची लाईन असं सगळं नव्याने टाकलं. "नव्याने" म्हणजे काय ते इथे बसून कळणार नाही. जुन्या लाईनीचा पत्ताच नव्हता. रूळ नाहीत, स्लीपर नाहीत, पूल नाहीत. लंकेच्या सैन्याने आणि लिट्टेने, दोघांनी रूळ आणि स्लीपर उपटून बंकरांना लावले होते. १९९० पासून गाडी बंद. स्टेशनची इमारत म्हणजे चार भिंती आणि मधे उगवलेलं झाड. आधी सुरुंग काढणारे पुढे जायचे, त्यांनी पट्ट्या लावून मोकळं केलेल्या जागेतच पाय ठेवायचा, लघवीलासुद्धा पट्टीबाहेर जायचं नाही अशी सक्त ताकीद. सुरुंग काढणाऱ्यांमध्ये बायका पुष्कळ. उन्हात गुडघ्यावर बसून हातभर जमीन खरवडत पुढे सरकायच्या, दिवसभरात एवढीशी पट्टी पुरी व्हायची. त्यातल्या बऱ्याच जणींचे नवरे युद्धात गेलेले.

१३ ऑक्टोबर २०१४ ला याळ देवी एक्स्प्रेस परत जाफन्याला गेली. मनमाडच्या माणसाला गाडी बघायला आलेली गर्दी काय नवीन नाही, पण तिथे म्हातारी माणसं गाडीला हात लावून बघत होती. चोवीस वर्षांनी शिट्टी ऐकली त्यांनी. कांदेवाले दादा, तुमचं दुःख खोटं नाही, पण ते बघितलं असतंत तर असं लिहिलं नसतंत.

एक मात्र सांगतो. त्याच गाडीने सुट्टीवर जाणारे-येणारे लंकेचे सैनिकही बसायचे. एका डब्यात तमिळ म्हातारी आणि समोर सिंहली सैनिक पोरगा, दोघंही खिडकीबाहेर बघतायत. रूळ जोडणं आमचं काम होतं, ते झालं.

सातपूरकर

वाह. वेगळा धागा काढा यावर.

पंचवटी_एक्स्प्रेस

आपल्या पंचवटीत बसून लंकेच्या स्वारीचा विषय निघालाय तर मी लिहिणारच :) रामरायाने लंका जिंकली आणि काय केलं? बिभीषणाला गादीवर बसवला आणि परत फिरला. राज्य लंकेच्याच माणसाला दिलं. यापेक्षा सोपं धोरण नाही.

नकाशा

पण एक्स्प्रेस भाऊ, बिभीषण कोण हे कोण ठरवणार? तिथेच सगळं अडतं ना. आपण १९८७ नंतर उत्तर-पूर्वेसाठी प्रांतिक सरकार उभं केलं, आपल्याला चालणारा मुख्यमंत्री बसवला, आणि आपलं सैन्य निघत असतानाच ते सरकार कोसळलं, मुख्यमंत्र्याला पळून भारतात यावं लागलं. आणि तिकडे आता बऱ्याच सिंहली लोकांना रावण आपला पराक्रमी राजा वाटतो, २०१९ ला त्यांनी पहिला उपग्रह सोडला त्याचं नाव रावणा-१ आहे. म्हणजे रामायणाची आठवण सुद्धा दोघांची दोन तऱ्हेची.

पंचवटी_एक्स्प्रेस

रावणा-१ माहीत नव्हतं. मुद्दा मान्य.

केतकी_नाशिकरोड

मी मराठी, सासर तमिळ, आणि सासूबाईंची बहीण जाफन्याजवळची, १९९० च्या सुमारास त्या तिकडून निघून चेन्नईला आल्या. हा धागा वाचून रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितेय.

आपण "१२०० पोरं गेली" म्हणतो आणि तिथेच थांबतो. गेलेच, त्यांच्या घरच्यांचं दुःख मोठंच आहे. पण तिकडची बाजू कोणी मांडत नाही. १९८७ च्या दिवाळीच्या दिवशी, २१ ऑक्टोबरला, आपले जवान जाफन्याच्या हॉस्पिटलमध्ये शिरले. पेशंट, नर्सेस, डॉक्टर, साठाहून जास्त माणसं मेली असं तिथले लोक सांगतात. आपल्या बाजूने सांगितलं गेलं की आतून गोळीबार झाला आणि माणसं चकमकीत सापडली. मावशींच्या शेजारच्या घरातल्या बाई त्या हॉस्पिटलात कामाला होत्या. मावशी आजही दिवाळीला फटाके वाजले की देवघरात जाऊन बसतात. इथे नाशिकला आमच्याकडे एकदा दिवाळीला आल्या होत्या, सोसायटीतली मुलं लवंगी लावत होती, आणि मला काही माहिती नव्हतं म्हणून मी त्यांना बाल्कनीत बोलवत होते, या ना मावशी, बघा किती छान. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

घरं बांधली ते चांगलंच केलं. पण मला वाटतं की किलिनोच्चीजवळचं ते म्हातारं माणूस उठून गेलं ते यासाठी.

कांदेवाला_लासलगाव

हे मला खरंच माहीत नव्हतं ताई. वाचून सुन्न झालो.

राष्ट्रप्रथम_सिडको

आपल्या सैन्यावर असे आरोप इथे बसून करणं मला पटत नाही. हात बांधून लढायला पाठवलं होतं त्यांना. मेजर परमेश्वरन, ८ महार, २५ नोव्हेंबर १९८७, छातीत गोळी लागलेली असताना शत्रूच्या हातातली रायफल हिसकावून त्यालाच मारला आणि मग स्वतः गेले. परमवीर चक्र मिळालं. मुंबईत जन्मलेला माणूस आणि आपल्या महार रेजिमेंटचा. त्यांच्याबद्दल धाग्यात एक ओळ नाही.

केतकी_नाशिकरोड

दादा, परमेश्वरन यांच्याबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे. मी आरोप करत नाहीये, मावशींचं सांगतेय.

फौजी_देवळालीकॅम्प

नातवाकडून टाईप करून घेतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी होतो तिथे. आधी वावुनियाकडे.

सिडकोवाले साहेब, तुम्ही सैन्याची बाजू घेतलीत, बरं वाटलं. पण केतकी बेटीने लिहिलंय ते खोडू नका. हॉस्पिटलला मी नव्हतो, तिथलं मला सांगता येणार नाही. जे बघितलं ते सांगतो.

आम्हाला सांगितलं होतं की शस्त्रं जमा करायची आणि दोघांच्या मधे उभं राहायचं. पहिले काही आठवडे बायका आरती घेऊन यायच्या, कपाळाला कुंकू लावायच्या. आमच्या कॅम्पजवळ एक विहीर होती. सकाळी पाणी भरायला गावातल्या बाया यायच्या आणि आमचे जवानही त्याच विहिरीवर. कोणाला तमिळ येत नव्हतं, तरी हातवारे, हसणं चालायचं, एक आजी आमच्या शिपायाला बादली नीट धरायला शिकवायची. ऑक्टोबरमध्ये लिट्टेशी लढाई सुरू झाली. आमच्या गावात तेव्हा एकही गोळी सुटली नव्हती. पण दुसऱ्या दिवशी विहिरीवर बाया आल्या त्या लांब उभ्या राहिल्या. आमचं पाणी भरून होईपर्यंत कोणी पुढे येईना. नंतर नंतर आम्ही गेल्याशिवाय विहिरीकडे फिरकायच्याच नाहीत. मला युद्ध सुरू झाल्याचं रेडिओवरून नाही कळलं, विहिरीवरून कळलं.

पुढे सुरुंगाने आमची गाडी उडाली, तीन जण गेले. त्यानंतर आमची पोरं गावात शिरायची तेव्हा त्यांचे डोळे वेगळे असायचे. मी नायक होतो, मला दिसायचं, मी काही वेळा थांबवलं आणि काही वेळा नाही थांबवलं. इतकंच लिहितो.

मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून शेवटचं जहाज निघालं. मद्रासला उतरलो तर राज्याचे मुख्यमंत्री स्वागताला नव्हते. तिकडे लंकेचे नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा म्हणाले निघा, इकडे कोणी या म्हणाले नाही. ज्या लिट्टेशी आम्ही लढत होतो त्यांना त्यांच्याच सरकारने आमच्याविरुद्ध शस्त्रं दिली. आम्ही कोणासाठी लढत होतो ते आमच्यातल्या कोणालाच सांगता येत नव्हतं. भगूरकर, तुमचे वडील उठून जातात ते त्यांना आठवत नाही म्हणून नाही. त्यांना जबरदस्ती करू नका.

भगूरकर

काका, नमस्कार करतो. नातवालाही थँक्यू सांगा. तुमची पोस्ट मी दोनदा वाचली आणि मग बाहेर जाऊन बसलो.

राष्ट्रप्रथम_सिडको

काकांनी लिहिल्यावर मी काही बोलणार नाही. जय हिंद.

पूररेषा

जरा वेगळं लिहू का? मी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेय, त्यामुळे मला सगळं धरणावरून सुचतं.

बाहेरच्यांनी जायचं आणि नंतर बघायचंच नाही याचं सगळ्यात वाईट उदाहरण माझ्या मते लिबिया. २०११ ला नाटोने विमानं पाठवली, तिथला हुकूमशहा गद्दाफी गेला, पश्चिमेकडचे देश खूश झाले आणि निघाले. मागे उरली दोन सरकारं, एक त्रिपोलीत आणि एक पूर्वेला. देर्ना नावाचं गाव आहे समुद्रकाठी, वर खोऱ्यात दोन धरणं, सत्तरच्या दशकात युगोस्लाव्हियाच्या कंपनीने बांधलेली. म्हणजे बघा, ज्या देशाने बांधली तो देशसुद्धा पुढे यादवीत फुटला. दुरुस्तीचं काम एका तुर्की कंपनीकडे होतं, २०११ च्या गोंधळात ते लोक सोडून गेले, आणि मग बारा वर्षं त्या धरणाकडे कोण बघणार हेच ठरलं नाही. सप्टेंबर २०२३ च्या वादळात दोन्ही फुटली आणि गावाचा मोठा भाग रात्रीत समुद्रात. हजारो माणसं.

आपल्याकडे गंगापूर धरणातून पाणी सोडलं की किती क्युसेक ते मोबाईलवर येतं, गोदेतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते बघायला माणसं पुलावर उभी असतात, भांडीबाजार, सराफबाजारवाले माल वर चढवतात. यामागे एक शाखा अभियंता रात्रभर जागा असतो, त्याला कोणाला फोन करायचा ते माहीत असतं आणि पलीकडे फोन उचलणारा असतो. देर्नात तो फोन उचलणाराच नव्हता. पुनर्बांधणी म्हणजे मला विचाराल तर तो फोन उचलणारा माणूस नेमणं. पूल, रस्ते त्यानंतर.

सातपूरकर

शेवटचा परिच्छेद फार भारी. २०१९ च्या पुरात आमचे काका भांडीबाजारात होते, रात्री दोनला निरोप आला होता म्हणून गल्ल्यासकट वर गेले.

नकाशा

पूररेषा ताई, त्याच युगोस्लाव्हियातून फुटलेल्या बोस्नियात उलटं झालं. तिथे बाहेरचे गेले ते अजून निघालेच नाहीत. १९९५ च्या डेटन कराराने लढाई थांबली हे मोठं काम, ते मान्यच. पण त्या करारातच देशाच्या आत दोन वेगळे भाग मान्य केले, आणि वर बाहेरून नेमलेला एक उच्च प्रतिनिधी, तो कायदा करू शकतो, निवडून आलेल्याला काढू शकतो. तीसेक वर्षं झाली. मोस्टारचा जुना पूल १९९३ ला तोफांनी पाडला होता, २००४ ला जसाच्या तसा दगडादगडाने बांधला, टुरिस्ट फोटो काढतात. आणि त्याच भागात एकाच इमारतीत दोन शाळा भरतात, क्रोएट मुलं वेगळी, बोस्नियाक मुलं वेगळी. फोन उचलणारा आहे, पण तो परदेशी आहे.

म्हणून भगूरकरांच्या प्रश्नाला "लवकर निघा" हे उत्तर नाही आणि "थांबून राहा" हेही नाही.

उगाच_विचारतो

मग लंकेत २००९ नंतर काय झालं? युद्ध तर संपलं ना?

जुनी_वही

लढाई संपली. मे २००९, मुल्लिवाइक्काल नावाची समुद्राकाठची चिंचोळी पट्टी, लिट्टेने लोकांना ढालीसारखं धरून ठेवलेलं आणि वरून सरकारी तोफा. शेवटच्या महिन्यांत ४० हजारांपर्यंत सामान्य माणसं मेली असू शकतात असं युनोच्या तज्ज्ञांनी २०११ ला लिहिलं, लंका सरकारने ते कधी मानलं नाही. वाचलेल्या पावणेतीन लाखांहून जास्त लोकांना मेनिक फार्म वगैरे छावण्यांत तारेच्या कुंपणात ठेवलं. आपलं तात्पुरतं हॉस्पिटल तेव्हा आधी पुलमोड्डैला आणि मग मेनिक फार्मला होतं, तिथल्या डॉक्टरांनी खूप केलं. हेही लिहायलाच हवं.

आणि एक, लिट्टेला तमिळांचा तारणहार म्हणणाऱ्यांसाठी. ऑक्टोबर १९९० मध्ये त्यांनी उत्तरेतल्या सगळ्या मुसलमानांना, सत्तर हजारांवर माणसं, हाकलून दिलं. जाफन्यात तर दोन तासांची मुदत. ती तमिळच बोलणारी माणसं होती. त्यांच्यातले कित्येक अजून पश्चिमेला पुत्तलमला आहेत. भगूरकरांनी सांगितलेल्या घरांच्या यादीत त्यांचा नंबर लागावा म्हणूनही भांडावं लागलं.

आणि बेपत्ता. किलिनोच्चीत फेब्रुवारी २०१७ पासून आया रस्त्याकडेला मांडव घालून बसल्या, हातात मुलांचे फोटो. कित्येकींनी मुलगा स्वतःच्या हाताने सैन्याच्या ताब्यात दिला होता, चौकशी करून सोडतील म्हणून. त्यातल्या कित्येक वाट बघत बघत वारल्या. बेपत्ता लोकांसाठी सरकारी कार्यालय आहे, पण त्या म्हणतात आम्हाला पैसे नकोत, कुठे आहे ते सांगा.

भगूरकर

तो मांडव मी बघितला. ताडपत्रीला फोटो लावलेले, उन्हाने चेहरे पांढरे पडलेले. ड्रायव्हरने गाडी हळू केली पण थांबवली नाही.

केतकी_नाशिकरोड

आणि आपल्या कराराचं मुख्य कलम काय होतं? प्रांतांना अधिकार. त्यासाठी त्यांच्या घटनेत तेरावी दुरुस्ती झाली. उत्तरेच्या वेगळ्या प्रांताची निवडणूक व्हायला २०१३ उजाडलं, २०१८ ला मुदत संपली, त्यानंतर निवडणूकच नाही. जमीन आणि पोलीस हे अधिकार तर कधीच मिळाले नाहीत. ज्यासाठी १२०० जवान गेले ते कागदावरच आहे.

वर एक अजून. घरं आपण दिली, पण तामिळनाडूचे मोठे ट्रॉलर रात्री जाफन्याच्या समुद्रात शिरून तळ खरवडून नेतात. युद्धात तिकडच्या मच्छीमारांना समुद्रात जायला बंदी होती, ती उठली तर समोर आपल्या बोटी. मावशींचे भाचे सांगतात, जाळी फाटली की महिन्याची कमाई गेली. एका हाताने घर आणि दुसऱ्या हाताने त्यांची मासळी.

कांदेवाला_लासलगाव

ताई हे वाचून मी पण एक कबूल करतो. आमचा कांदा कोलंबोला भरपूर जातो, लंका आमचं मोठं गिऱ्हाईक. डिसेंबर २०२३ ला आपली निर्यातबंदी झाली तेव्हा आम्ही इथं रस्त्यावर आलो होतो, लिलाव बंद पाडले होते. तेव्हा तिकडून एक व्यापारी फोनवर म्हणाला होता की जाफन्याचा शेतकरी मात्र खूश आहे, त्यांचा लाल बारीक कांदा असतो, आपला माल थांबला की त्यांना भाव मिळतो. मला राग आला होता तेव्हा. पण तो पण शेतकरीच ना, आणि त्यानं सुरुंग काढलेल्या रानात लावलेला कांदा. आपला माल त्याच्या काढणीच्या महिन्यात जाऊन पडला तर तो मेला. मी घरांबद्दल आधी जे लिहिलं ते मागं घेतो. ती घरं त्यांची त्यांनी बांधली, पैसे आपले. चाललं.

मनमाड_लोकल

दादा __/\__

खूप बायकांनी वर दागिने गहाण टाकून घर पुरं केलं, हेही बघितलंय. महागाई वाढली, हप्ता तोच. तरी ठेकेदाराने बांधून दिलेल्या खोक्यांपेक्षा ही घरं बरी वाटायची, कोणी विहिरीकडे दार काढलेलं, कोणी देवघर पूर्वेला. माणूस राहणार कसा ते राहणाऱ्याला माहीत.

द्राक्षबाग_दिंडोरी

सगळं वाचून काढलं आज. भगूरकर, जाफन्याला द्राक्षं होतात असं ऐकून आहे, खरं का? ठिबकला गेला होतात म्हणजे बघितली असतील.

भगूरकर

खरं. मांडवावरची, काळी, छोट्या छोट्या बागा, विहिरीचं पाणी, खाली चुनखडी. ज्या बाईंचं घर सांगितलं त्यांच्या भावाचीच अर्ध्या एकराची आहे. तो माझ्या मागे लागलाय की नाशिकचे लोक द्राक्षातले बाप, तुमचं छाटणीचं आणि फवारणीचं वेळापत्रक पाठवा, मी तसंच्या तसं करतो. मी म्हटलं आमच्याकडे एकाहून एक बागायतदार आहेत, विचारून कळवतो. तुम्ही लिहून द्याल का? मी ड्रायव्हरकडून तमिळमध्ये करून घेईन.

द्राक्षबाग_दिंडोरी

देतो की, आनंदाने. पण वेळापत्रक पाठवू नका.

आपली खरड छाटणी (नव्या काडीसाठी) एप्रिलला, गोडी छाटणी (फळासाठी) ऑक्टोबरला, कारण आपला पाऊस तेव्हा निघून गेलेला असतो आणि पुढे थंडी. त्यांचा मोठा पाऊसच ऑक्टोबर ते डिसेंबर. आपल्या तारखेला त्याने गोडी छाटणी घेतली तर घड फुलोऱ्यात असताना धो धो पाऊस, डावण्या रोगाने एक मणी राहायचा नाही हातात. आणि थंडी तर तिकडे नाहीच. नाशिकचं आहे म्हणून करेल आणि बाग घालवून बसेल बिचारा.

त्याला आधी एवढं विचारा: पाऊस कधी सुरू होतो, कधी थांबतो, विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात मचूळ लागतं, वेल किती वर्षांची, आणि त्याचे वडील-आजोबा छाटणी कधी घ्यायचे. शेवटचं नक्की विचारा. जुन्या काड्यांचे आणि पानांचे फोटो दोन्ही बाजूंनी काढून मागवा. मग बघू काय सांगायचं ते. व्हॉट्सअपला व्हिडिओ कॉल लावता आला तर अजून बरं, मी बागेतच असतो सकाळी सात ते अकरा.

भगूरकर

आज रात्रीच फोन लावतो त्याला. आणि एक सांगायचं राहिलं, वडिलांना रस्त्याचा फोटो दाखवला. बराच वेळ मोबाईल हातात धरून बसले. मग विचारलं, "कडेची ताडं कुठेत?"

फौजी_देवळालीकॅम्प

त्यांना माझा राम राम सांगा. रविवारी संध्याकाळी मी भगूरला देवीच्या दर्शनाला येत असतो. त्यांना चालणार असेल तर येईन. लंकेचं काही काढणार नाही.